पितळेतला स्वयंभू गंधार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, त्यांना वर्गात सोपा प्रश्न विचारलेला आवडत नसे, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं आहे. त्या भरवशावर मी फ्रेंच हॉर्न हा विषय सुचवला. समितीने तो मान्य केला, पण 'हे नेमकं असतं काय?' असंही विचारलं, आणि ते रास्तच होतं. गोंदियात धान, विडी, रेल्वे, दंडार यांवर बोलणारे जाणते पुष्कळ आहेत. हॉर्नवर बोलायला कुणी सापडलं नाही, म्हणून मी सापडलो. नोकरीची सगळी वर्षं सैन्याच्या बँडमध्ये हे वाद्य वाजवलं. आता निवृत्तीनंतर गावी रोज सकाळी वाजवतो. तेव्हा कलावंताचं भाषण समजून ऐकू नका. हे कारागिराचं बोलणं आहे.

वाद्य समोर ठेवलं आहे. पितळेची नळी आहे; तोंडाशी बोटाहून बारीक, शेवटी परातीएवढी रुंद, आणि मधल्या भागात वेटोळी घातलेली. वेटोळी सोडून सरळ केली तर मुख्य नळी बारा फूट भरते. बाकी जे दिसतं, म्हणजे कळा, छोट्या नळ्या, जोड, ते सगळं त्या बारा फुटांना थोडं वाढवण्याची किंवा कमी करण्याची सोय आहे. म्हणून ते सगळं बाजूला ठेवून आधी हा पाइप बघा. बागेला पाणी घालायचा साधा पाइप, बारा फूट कापून आणला आहे. एका टोकाला हॉर्नचं मुखपत्र, म्हणजे माउथपीस, आणि दुसऱ्या टोकाला नरसाळं.

(येथे वक्त्यांनी पाइपावर काही सूर वाजवून दाखवले.)

हसू आलं ना? येऊ द्या. १९५६ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये डेनिस ब्रेन नावाच्या माणसाने असाच पाइप भर मैफलीत वाजवला होता आणि लोक असेच हसले होते. तो त्या काळातला जगातला सगळ्यांत मोठा हॉर्नवादक होता. त्यावर त्याने लिओपोल्ड मोझार्टची, म्हणजे थोर मोझार्टच्या वडिलांची, रचना वाजवली. गंमत होती, पण त्या गमतीत त्याने आपल्या वाद्याचं पोट उघडून दाखवलं. हॉर्न म्हणजे मुळात एवढंच.

आता या पाइपाला बासरीसारखं भोक नाही, पेटीसारखी पट्टी नाही. तरी सूर बदलले ते कशाने? ओठांनी. ओठ सैल सोडले की खालचा सूर, आवळले की वरचा. पण मनात येईल तो सूर येत नाही. नळीचा स्वतःचा एक हिशेब असतो. या लांबीच्या नळीचा सगळ्यांत खालचा सूर सेकंदाला सुमारे ४४ कंपनांचा. पुढचा त्याच्या दुप्पट, मग तिप्पट, चौपट, पाचपट. मधलं काही नाही. तळाशी दोन सुरांत अख्ख्या सप्तकाचं अंतर. वर चढत जावं तसे ते जवळजवळ येत जातात. आठव्या सुराला षड्ज मानलं, तर नववा रिषभ, दहावा गंधार, बारावा पंचम, पंधरावा शुद्ध निषाद आणि सोळावा तार षड्ज. अकरावा धड मध्यम नाही, धड तीव्र मध्यम नाही. दोन्हींच्या बरोबर मध्ये उभा. तेरावा कोमल धैवताच्या आसपास, थोडा चढा. चौदावा कोमल निषाद, आपल्याला हवा त्याहून उतरलेला.

दहाव्या सुरापाशी मला थांबायचं आहे. सभागृहात गाणारी मंडळी बसली आहेत, त्यांना हा गंधार ओळखीचा वाटला असेल. जवारी नीट लागलेला तंबोरा छेडला की खर्जाच्या तारेतून, कुणीही न लावलेला, कुणीही न छेडलेला एक गंधार वर तरंगतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तो त्या तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपटीचा असतो. या पाइपाचा पाचवा सूर तोच, आणि दहावा म्हणजे त्याचंच वरचं सप्तक. पियानोवरचा किंवा पेटीवरचा गंधार याच्यापेक्षा किंचित चढा असतो. पितळेची नळी युरोपातल्या शिकारखान्यात जन्मली आणि तंबोरा आपल्याकडे. पण दोघांचं व्याकरण एक आहे. मी पहिल्यांदा चांगला तंबोरा जवळ बसून ऐकला तेव्हा मला परकं काही वाटलंच नाही.

आपल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत तुतारी ऐकता. ती याच कुळातली. तिलाही कळा नाहीत. म्हणून तुतारीवाला दोन-तीन ठरावीक सुरांवरच खेळतो. हॉर्नवाल्याचा हट्ट असा की वरच्या, दाटीवाटीच्या मजल्यावर जाऊन राहायचं. तिथे सलग सरगम मिळते, पण शेजारचा सूर एवढा जवळ असतो की ओठांचा ताण केसभर चुकला की भलताच सूर लागतो. ट्रम्पेटची नळी पाचेक फुटांची. तिथे नेहमीच्या पट्ट्यात सूर लांब लांब आहेत. नेम थोडा चुकला तरी बाण लागतो. सूर फुटण्याबद्दल हॉर्नवाल्यांची जगभर जी बदनामी आहे, तिचं कारण एवढंच आहे. ते आळशी नसतात, दारुडेही नसतात. म्हणजे काही असतात, पण त्याचा सुराशी संबंध नाही.

आता माझा मुद्दा सांगतो. पुढे जे काही बोलेन ते त्याच्याच आधाराने. पेटीवर पट्टी दाबली की सूर निघतो, वाजवणाऱ्याला तो आधी ठाऊक असो वा नसो. झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गनवाला पहाटे चार वाजता झोपेत असतो, बोटं जागी असतात, आणि पद निभावून जातं. हॉर्नवर हे चालत नाही. एकाच कळीवर सात-आठ वेगवेगळे सूर बसलेले असतात. त्यांतला कोणता निघेल हे ओठ ठरवतात, आणि ओठांना कान सांगतो. सूर आधी आत ऐकू आला पाहिजे. आत आला नाही, तर बाहेर येणार नाही, दुसराच येईल. म्हणून मी हॉर्नला फुंकवाद्यांत धरत नाही, गळ्याच्या पंगतीत बसवतो. अडचण अशी की हा गळा पितळेचा आहे, उसना आहे आणि उन्हाथंडीने बदलतो.

उजव्या हाताबद्दल सांगायला हवं. तुम्ही पाहिलं असेल, हॉर्नवाला उजवा हात कर्ण्यात घालून बसतो. वजन पेलायला तो तिथे आहे, पण तेवढ्यासाठी नाही. अठराव्या शतकाच्या मध्यात ड्रेस्डेनच्या हाम्पेल नावाच्या वादकाने कर्ण्यात हात घालून सूर वाकवण्याची रीत बसवली. हात जरा आत सरकवला की सूर उतरतो, आवाज झाकला जातो. बाहेर काढला की खुलतो. तो मघाचा अडलेला अकरावा सूर असा हाताने वळवून मध्यमावर आणता येतो. नैसर्गिक सुरांच्या मधल्या फटी या हाताने भरल्या. मोझार्टने आपल्या लॉइटगेब नावाच्या मित्रासाठी हॉर्नच्या ज्या रचना केल्या, त्या याच हाताच्या जोरावर वाजत. त्या मित्राची थट्टा करायला मोझार्ट हस्तलिखितात शेरे मारायचा. १७८६ च्या एका रचनेत तर त्याने चार रंगांच्या शाया वापरल्या. जिवलगाला छळायची ही तऱ्हा आपल्याकडच्या दोस्तांना नवी नाही.

१८१४ च्या सुमारास जर्मनीत श्टॉल्त्सेल नावाच्या वादकाने कळांची, म्हणजे व्हॉल्व्हची, युक्ती काढली. कळ दाबली की हवा एका जास्तीच्या वेटोळ्यातून फिरून येते, नळी तेवढी लांबते आणि सुरांची अख्खी रांग खाली सरकते. तीन कळांनी सगळे बारा स्वर हाती आले. उजवा हात आधीच कर्ण्यात गुंतलेला, म्हणून कळा डाव्या हाताकडे गेल्या. तेव्हापासून जगातला बहुतेक प्रत्येक हॉर्नवाला डावखुऱ्यासारखा वाजवतो. १८९७ साली एरफुर्टच्या क्रुस्पे नावाच्या कारागिराने एकाच चौकटीत दोन हॉर्न बसवले, एक बारा फुटी आणि एक नऊ फुटी. अंगठ्याच्या कळीने एकातून दुसऱ्यात जाता येतं. समोर ठेवलंय ते असंच जोड-वाद्य. वजन अडीच किलोच्या आसपास.

एवढी सोय झाल्यावरही ब्राम्ससारखा संगीतकार जुन्या, बिनकळांच्या हॉर्नवर अडून बसला होता. १८६५ साली त्याने व्हायोलिन, पियानो आणि हॉर्न अशी तिघांची रचना केली ती साध्या हॉर्नसाठी, कळा येऊन पन्नास वर्षं झाल्यावर. लहानपणी तो स्वतः हॉर्न शिकला होता आणि त्याचे वडील हॉर्न वाजवून पोट भरत. मला वाटतं, त्याला झाकलेल्या आणि उघड्या सुरांतला फरक हवा होता. कळांनी सगळे सूर एका रंगाचे झाले. गाणाऱ्याला विचारा, प्रत्येक स्वर एकाच वजनाने लावलेला त्याला चालेल का?

थोडं विषयांतर करतो, पण ते आपल्या जिल्ह्याचं आहे. महाराष्ट्रात सारस आज घरटं करून राहतो तो आपल्याच भागात, मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात. वैनगंगेच्या आणि बाघ नदीच्या काठी, पलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटमध्येही. पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा बोडीच्या काठाला गवताचा ढीग रचून तो अंडी घालतो, आणि शेतकरी तेवढी जागा सोडून रोवणी करतो. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यांत उंच. त्याची हाक दोन-दोन किलोमीटर जाते. जोडीने हाक देतात तेव्हा साधारणपणे नराच्या एका लांब हाकेला मादीचे दोन आखूड सूर असतात. हे तुम्ही ऐकलं आहे. कदाचित हे ठाऊक नसेल की सारसाची श्वासनळी त्याच्या मानेत मावत नाही इतकी लांब असते. ती छातीच्या हाडात शिरते, तिथे वळसे घेते आणि मग फुप्फुसांकडे जाते. पक्ष्यांचं आवाज काढायचं यंत्र नळीच्या खालच्या टोकाला असतं, चोचीपाशी नाही. म्हणजे आवाज तळाशी तयार होतो, वेटोळ्यांतून फिरतो, आणि तोंडातून बाहेर पडताना मोठा आणि भारदस्त झालेला असतो. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की लांब नळीमुळे पक्षी आहे त्याहून थोराड भासतो. ऐकणारा प्रतिस्पर्धी अंगाचा अंदाज आवाजावरून करतो.

लांब नळी थोड्या जागेत बसवायची तर ती गुंडाळावी लागते. युरोपातल्या तांबटांनी शिकाऱ्याला घोड्यावर खांद्यात अडकवता यावी म्हणून नळी गोल केली. सारसाने ती हाडात घातली. मी बोडीवर सारसाची जोडी ओरडताना ऐकली की हॉर्नच्या पेटीकडे हात जातो. पण त्यांच्यासमोर वाजवत नाही, हेही सांगून ठेवतो. घरट्यावर बसलेल्या पक्ष्याला वाद्य ऐकवायला जाणाऱ्यांचा व्हिडिओ काढला जातो, अंडी थंड होतात. एवढ्या थोड्या उरलेल्या पक्ष्यांशी असले खेळ करू नयेत.

आता रोजचं जगणं. हे ऐकायला कंटाळवाणं आहे आणि जगायलाही.

सकाळी उठल्यावर लगेच वाजवायचं नाही. ओठ सुजलेले असतात. तोंड धुऊन, चहा घेऊन, मग नुसत्या मुखपत्रावर थोडा वेळ. मुखपत्राची कड साधारण दोन तृतीयांश वरच्या ओठावर आणि एक तृतीयांश खालच्या ओठावर बसते. मग लांब सूर. एक सूर धरायचा, शून्यातून काढायचा, भरायचा, परत शून्यात न्यायचा. आपल्याकडे खर्ज भरतात तसंच. मग कळ न बदलता वरखाली जाणं, म्हणजे मघाचं पाइपाचं गणित. वीस मिनिटं झाली की वाद्य खाली, तेवढीच विश्रांती. हट्टाने पुढे दामटलं की ओठाचा स्नायू थकतो. थकल्यावर वादक नकळत मुखपत्र दाबायला लागतो. दाबलं की रक्त अडतं आणि ओठ आणखी थकतो. पुष्कळांची वर्षं याच फेऱ्यात गेली आहेत. दोन दिवस सुट्टी घेतली तर तिसऱ्या दिवशी ओठ ओळख देत नाहीत.

पाण्याबद्दल गैरसमज आहे. मी वाद्य उलटंसुलटं फिरवून नळ्या काढतो आणि पाणी झटकतो, तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं पाय मागे घेतात. ती थुंकी नसते, निदान बरीचशी नसते. श्वासातली वाफ गार पितळेवर बसते आणि वेटोळ्यांत साचते. चार थेंब साचले की सुरात गुळगुळ ऐकू येते. कुठल्या वेटोळ्यात पाणी आहे हे आवाजावरून ओळखून नेमकी तीच नळी काढायची, तीही दोन ओळींच्या मधल्या विश्रांतीत, हे एक स्वतंत्र कसब आहे.

आणि आपलं हवामान. थंडीत विदर्भातल्या नीचांकी तापमानाच्या यादीत गोंदियाचं नाव वरचेवर पेपरात असतं, आणि मे महिन्यात आपण ४५ अंशांच्या आसपास भाजत असतो. हवा एक अंशाने तापली की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो आणि फुंकवाद्य चढतं. जानेवारीच्या दहा अंशांच्या पहाटेपासून मे महिन्यातल्या ४४ अंशांच्या दुपारपर्यंत हिशेब केला, तर फरक जवळजवळ अर्ध्या स्वराचा येतो. कागदावर तरी, लांबी तीच ठेवली तर जानेवारीतला षड्ज मे महिन्यात कोमल रिषभ होतो. प्रत्यक्षात एवढं होत नाही, कारण नळीत आपला श्वास असतो आणि तो सदतीस अंशांच्या जवळपासचा. थंडीत श्वास नळीला तापवतो. मे महिन्यात उलटं होतं: वाद्य आपल्या श्वासापेक्षा गरम असतं, फुंकलं की ते निवतं. सुरुवातीला चढं लागतं आणि हळूहळू खाली येतं. युरोपच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की वाजवण्याआधी वाद्य गरम करून घ्या. ते पुस्तक लिहिणाऱ्याने तिरोड्याची दुपार पाहिलेली नसते.

ओठ, दात, जीभ ही या धंद्यातली हत्यारं. म्हणून एक गोष्ट कडवटपणे बोलतो. आपल्याकडे चौकाचौकात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला जातो. बंदी आहे, आणि ठेलेही आहेत. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर हळूहळू कडक आणि पांढरट होतं, तोंड पुरतं उघडत नाही. डॉक्टर अशा रोग्याला विचारतात, शिट्टी वाजवता येते का? फुगा फुगवता येतो का? येत नाही. कर्करोगाची गोष्ट तर पुढची. बँडमध्ये माझ्यापेक्षा चांगला कान असलेली पोरं मी पाहिली आहेत, ज्यांना पस्तिशीच्या आत वरचे सूर सोडून द्यावे लागले. कारण गालच साथ देईनात. सूर आत ऐकू येत होता. बाहेर काढायचं दार बंद झालं होतं.

वाद्यवृंदातलं हॉर्नवाल्याचं आयुष्य म्हणजे मुख्यतः मोजणं. सत्तर मात्रागट गप्प बसायचं, मनात आकडे मोजायचे, आणि एकाहत्तराव्याला एकट्याने, सगळ्यांसमोर, हळू आवाजात सुरुवात करायची. चायकोव्हस्कीच्या १८८८ च्या पाचव्या सिम्फनीत दुसऱ्या भागाच्या आरंभी तंतुवाद्यं खर्जात वाट तयार करतात आणि मग हॉर्न एकटा गातो. जगातल्या अतिशय सुंदर जागांपैकी ती एक आहे, आणि ती वाजवणाऱ्याचे हात त्या वेळी गार पडलेले असतात. बेटोव्हेनने नवव्या सिम्फनीच्या संथ भागातली अवघड जागा तर चौथ्या हॉर्नला दिली, म्हणजे रांगेतल्या शेवटच्या माणसाला. १९८७ साली अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे २७ टक्के वादकांनी हृदयाची धडधड आवरणाऱ्या गोळ्या घेत असल्याचं सांगितलं. ही फक्त हॉर्नवाल्यांची संख्या नाही, सगळ्यांची आहे. पण आमच्या रांगेत ती कमी असेल असं मला वाटत नाही.

मोजण्यावरून एक किस्सा प्रसिद्ध आहे. बेटोव्हेनच्या तिसऱ्या सिम्फनीत, 'एरोइका'त, एके ठिकाणी हॉर्न मूळ धून जरा आधीच सुरू करतो. बाकीचे अजून दुसऱ्याच सुरांवर असतात. पहिल्या तालमीत बेटोव्हेनचा शिष्य रीस शेजारी उभा होता. त्याला वाटलं, वादकाने मोजण्यात घोळ केला, आणि तो तसं मोठ्याने बोलला. बेटोव्हेनने मुद्दामच तसं लिहिलं होतं. रीसच्या कानाखाली बसायचीच बाकी राहिली, आणि गुरूने त्याला बरेच दिवस माफ केलं नाही. माझं लक्ष मात्र त्या अनाम हॉर्नवाल्याकडे जातं. चारी बाजूंनी वेगळं ऐकू येत असताना तो आपल्या मोजणीवर आणि आतल्या सुरावर ठाम राहिला.

बँडमध्ये हे वैभव नाही. मार्चमध्ये पहिला ठोका बेसचा आणि मधला, उलटा ठोका हॉर्नचा. 'धुम्'च्या नंतरचं 'पां' आमचं. मैलभर चालत तेच. धून ट्रम्पेटकडे आणि क्लॅरिनेटकडे, टाळ्याही तिकडेच. हॉर्नचा कर्णा मागे वळलेला असल्यामुळे उघड्या मैदानात तर आवाज मागे चालणाऱ्या जवानालाच ऐकू येतो. या वाद्याला मागे भिंत लागते. भिंतीवर आपटून आवाज गोल होऊन पुढे येतो. लग्नाच्या मांडवात भिंत नसते. मला कुणी वरातीत वाजवा म्हटलं की मी हे कारण सांगतो, आणि ते खरंही आहे.

आपल्याकडच्या लग्नाच्या बँडने हा प्रश्न फार पूर्वी व्यवहाराने सोडवला. त्यांनी फ्रेंच हॉर्न घेतलाच नाही, अल्टो घेतला. निम्म्याच्या जवळपास लांबी, म्हणून सूर दूर दूर, फुटायची भीती कमी, किंमत थोडी. मेरठच्या जली कोठी भागात अशी वाद्यं बनतात. तिथली नादिर अली कंपनी १८८५ पासूनची. मूळ माल पलटणींच्या बँडसाठी होता, तिथून संस्थानांकडे आणि मग वरातीत आला. चांगल्या जर्मन हॉर्नला आज काही लाख रुपये पडतात. माइंत्सच्या अलेक्झांडर घराण्याचं दुकान १७८२ पासून चालू आहे आणि त्यांचा १०३ क्रमांकाचा नमुना शतकाहून अधिक काळ वाजतो आहे. बँडपार्टीच्या मालकाने त्या पैशात अख्खी पार्टी उभी केली असती. त्याला दोष कोण देणार? आता तर त्या पार्ट्याही मागे पडल्या. नागपूरपासून दुर्ग-रायपूरपर्यंत धुमाल पार्ट्यांचं राज्य आहे, आणि धुमालच्या मागे डीजेची गाडी. ज्या घरांत क्लॅरिनेट वारशाने चालत आलं, त्या घरांतली पोरं आता की-पॅड वाजवतात. त्यांतली काही उत्तम वाजवतात, हेही मान्य केलं पाहिजे.

मग भारतात हॉर्न जिवंत कुठे आहे? मुख्यतः सैन्यात आणि पोलिसांत. पचमढीला लष्कराची संगीत शाळा आहे. सातपुड्यात चढलं की झालं. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, त्यांचा बँड नागपूरकरांनी ऐकला असेल. मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत एके काळी पितळी वाद्यं वाजवणारे बहुतेक गोव्याचे, चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले. पण तिथेही ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन जास्त, हॉर्न क्वचित. आणि सिंथेसायझर आल्यावर हॉर्नचा मऊ, भरीव आवाज सगळ्यांत आधी कळफलकावर गेला. २००६ साली मुंबईत एनसीपीए या संस्थेने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. देशातला तो एकमेव पूर्ण व्यावसायिक वाद्यवृंद, आणि पहिल्यापासून त्यातले पुष्कळ वादक कझाकस्तानातून आणि इतर देशांतून येतात. याबद्दल पेपरात अधूनमधून हळहळ छापून येते. मला हळहळ वाटत नाही, हिशेब कळतो. हॉर्नवाला तयार व्हायला दहा वर्षं लागतात, आणि त्या दहा वर्षांत त्याच्या घरी दोन वेळची भाजी कोण आणणार, याचं उत्तर देणारी संस्था आपल्याकडे सैन्य आणि पोलीस सोडून फारशी नाही. पोलीस भरतीत बँड्समनची पदं निघतात, तेव्हा गोंदिया, देवरी, आमगावची पोरं शंभर मीटर धावण्याचा सराव करून जातात. सूर लावण्याचा सराव कुठे करायचा हे त्यांना कुणी सांगत नाही.

तर ते सांगतो आणि बसतो. फ्रेंच हॉर्न विकत घेऊ नका. गावातल्या जुन्या बँडवाल्याच्या माळ्यावर एखादा अल्टो पडलेला असतो. रोटर किंवा पिस्टन अडकलेला, आतून हिरवट. कोमट पाण्यात साबण घालून धुतला, तेल दिलं तर बहुधा वाजतो. त्याच्याआधी तीन महिने तंबोऱ्यावर गा. तंबोरा नसेल तर फोनमधला चालेल, पण स्वस्त इअरफोनवर गंधार नीट ऐकू येईलच असं नाही, एवढं लक्षात ठेवा. तो गंधार आत पक्का बसला की मगच ओठाला पितळ लावा. जागा म्हणाल तर तलावाच्या पाळीवर जाऊ नका; मोकळ्यावर आवाज विरतो आणि पोरगं जोर करून ओठ फाडून घेतं. राइस मिलचं रिकामं गोदाम मागून घ्या, हंगाम संपला की मिळतं. भिंतीकडे पाठ करून बसा.

माझ्याकडे अल्टोची तीन मुखपत्रं आहेत आणि हा पाइप आहे. कार्यक्रमानंतर ज्यांना वाजवून पाहायचं आहे त्यांनी व्यासपीठाच्या डाव्या बाजूला यावं. मुखपत्रं धुवायला बादली ठेवली आहे. खर्रा खाल्लेल्यांनी आधी बाहेर जाऊन चूळ भरून यावं.